गर्भारपणातलं लेप्टिन मोजताना: नमुना, रिसेप्टर आणि नागपूरचा उन्हाळा

गर्भवतीच्या रक्तातलं लेप्टिन, म्हणजे चरबीतून येणारं संप्रेरक, मोजायला एक दिवस पुरतो. किट उघडलं, एलायझाची (अँटिबॉडी आणि रंगावर चालणाऱ्या मोजणीची) प्लेट लावली, की संध्याकाळपर्यंत आकडे हातात येतात. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो. आलेलं लेप्टिन आईच्या चरबीतलं की वारेतलं (प्लॅसेंटातलं)? मोकळं की रिसेप्टरला, म्हणजे त्याला धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटलेलं? सातव्या महिन्यात ते दुप्पट दिसलं तर तो आजार समजायचा की नेहमीचं गर्भारपण? प्लेट लावून झाल्यावर या प्रश्नांची उत्तरं शोधून सापडत नाहीत, ती नमुना घेण्याआधीच ठरवावी लागतात. नागपुरातल्या मेडिकल, मेयो, डागा या रुग्णालयांत किंवा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात या विषयावर प्रबंध करू पाहणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिण्याआधी वाचलंत तर जास्त उपयोगी पडेल.

आधी प्रश्न पक्का करा

लेप्टिन हे १४६ अमिनो आम्लांचं, साधारण १६ किलोडाल्टनचं संप्रेरक. ते मुख्यतः चरबीच्या पेशींत तयार होतं आणि साठा किती आहे याची खबर मेंदूला देतं. जेफ्री फ्रिडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ साली त्याचं जनुक शोधलं, पुढच्याच वर्षी रिसेप्टरही सापडला. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की माणसाची वारसुद्धा लेप्टिन बनवते. वारेतल्या या लेप्टिनचा बहुतांश भाग आईच्या रक्तात उतरतो, बाळाकडे अगदी थोडा जातो. म्हणून आईची पातळी पहिल्या तिमाहीपासूनच चढू लागते, दुसऱ्या तिमाहीच्या अखेरीस किंवा तिसरीच्या सुरुवातीला गर्भधारणेआधीच्या दुप्पट-तिप्पट होते आणि वार पडल्यावर झपाट्याने खाली येते.

हे झालं माणसाचं. माऊसमध्ये चित्रच वेगळं आहे. तिथे वार लेप्टिन फारसं बनवत नाही, पण रिसेप्टरचा सुटा, रक्तात तरंगणारा प्रकार भरपूर सोडते. तो लेप्टिनला धरून ठेवतो, त्यामुळे लेप्टिन रक्तातून लवकर बाहेर पडत नाही आणि एकूण पातळी कितीतरी पट वाढलेली दिसते. रॅटमध्ये वाढ बेताचीच असते. पण गर्भारपणाच्या मध्यावर हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूतला भूक सांभाळणारा भाग, लेप्टिनला दाद देईनासा होतो, म्हणून लेप्टिन वाढूनही मादी जास्त खाते. त्यामागे प्रोलॅक्टिन आणि वारेतलं लॅक्टोजेन या संप्रेरकांचा हात आहे. तेव्हा माऊसवरचा निष्कर्ष माणसाला किंवा म्हशीला चिकटवून ‘सस्तन प्राण्यांत असं असतं’ असं लिहू नका. प्रस्तावनेतल्या प्रत्येक वाक्यात प्राणी कोणता ते यायलाच हवं.

एक गोष्ट मात्र माऊसनेच स्पष्ट केली. जन्मतः लेप्टिन नसलेली मादी वंध्य असते. तिला लेप्टिन टोचलं की गर्भ राहतो, आणि गर्भ रुजल्यानंतर इंजेक्शन थांबवलं तरी गर्भारपण पुढे चालू शकतं. म्हणजे गर्भ राहणं आणि रुजणं या टप्प्यांवर त्याची गरज सर्वांत जास्त. तुमचा प्रश्न गर्भ रुजण्याबद्दल असेल, तर नवव्या महिन्यातलं रक्त घेऊन तो सुटणार नाही.

प्रश्न तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा नमुना वेगळा. आईच्या पातळीसाठी शिरेतलं रक्त, बाळाच्या चरबीसाठी नाळेतलं रक्त आणि वारेच्या कामासाठी वारेचा तुकडा. तिन्ही एकाच प्रबंधात कोंबू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन पुरेत.

माणसांवरच्या कामाला संस्थेच्या नैतिकता समितीची आणि रॅट-माऊसवरच्या कामाला प्राणी नैतिकता समितीची मंजुरी पहिला नमुना घेण्याआधी हातात असावी. बाळाचं लिंग फक्त जन्मानंतर नोंदवायचं. प्रसूतीपूर्व लिंगनिदान कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे जन्माआधीच्या फॉर्मवर तो रकानाच ठेवू नका.

आईचं रक्त

लेप्टिनला दिवसाची लय असते. ते मध्यरात्रीच्या सुमारास चढतं आणि सकाळी उतरतं. म्हणून रात्रीच्या आठ ते दहा तासांच्या उपाशीपोटानंतर सकाळी ८ ते ९ या वेळेतच रक्त घ्या. सगळ्यांत जास्त प्रबंध इथेच घसरतात. प्रीएक्लॅम्प्सियाच्या (गर्भारपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाच्या आजाराच्या) बाया रात्री-अपरात्री इमर्जन्सीत येतात आणि त्यांचं रक्त तेव्हाच घेतलं जातं, तुलनेच्या गटातल्या बाया मात्र सकाळच्या ओपीडीतून निवडल्या जातात. मग दोन गटांतला फरक आजाराचा की घड्याळाचा हे कुणालाच सांगता येत नाही. रुग्ण स्थिर असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबा. थांबता येत नसेल तर तुलनेच्या गटातल्या बायांचंही रक्त त्याच वेळेला घ्या. उपचार मात्र नमुन्यासाठी कधीही लांबवू नका.

रक्त घेण्याआधी हे विचारून फॉर्मवर लिहा:

– काल उपास होता का? एकादशी, संकष्टी, नवरात्र, हरतालिका, रोजा, जो असेल तो. दिवसभर पोटात काही गेलं नाही तर चरबी तेवढीच असूनही लेप्टिन खाली येतं. साबुदाणा खाऊन केलेला उपास आणि निर्जळी उपास यांची नोंद वेगवेगळी करा.
– बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन दिलं आहे का, शेवटचा डोस कधी? स्टिरॉइडमुळे लेप्टिन वाढतं. मुदतपूर्व प्रसूतीचा धोका असलेल्या गटात हे इंजेक्शन बहुधा दिलेलंच असतं, त्यामुळे शक्यतो पहिल्या डोसच्या आधीचा नमुना घ्या.
– इन्सुलिन चालू आहे का? तेही लेप्टिन वाढवतं.
– केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या? अनेक किटांत बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची एकमेकांना घट्ट चिकटणारी जोडी वापरलेली असते आणि रक्तातलं जास्तीचं बायोटिन तिच्यात ढवळाढवळ करतं.
– गर्भधारणेआधीचं वजन. बहुतेकींना ते आठवत नाही, म्हणून पहिल्या तिमाहीतलं कार्डावरचं वजन धरा. प्रसूतीच्या वेळचा बीएमआय वापरू नका, त्यात बाळ, वार, गर्भजल आणि सूज सगळं मोजलं जातं.
– गर्भाचे आठवडे. पाळीच्या तारखेवर विसंबण्यापेक्षा पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून काढलेले बरे.

शिरेतून ५ मिली रक्त लाल टोपणाच्या प्लेन व्हायलमध्ये घ्या. सुई बारीक आणि ओढ जोराची असेल तर तांबड्या पेशी फुटतात. व्हायल उभी ठेवून ३० ते ४५ मिनिटं गोठू द्या, मग १,५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १,५०० पट जोराने) १० ते १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. पद्धतीच्या प्रकरणात नुसतं ‘३,००० आरपीएम’ लिहू नका. रोटरची त्रिज्या १५ सेंमी असेल तर ३,००० आरपीएमला साधारण १,५०० जी मिळतात, त्रिज्या १० सेंमी असेल तर जेमतेम १,०००. वरचं सिरम खालच्या गुठळीला न शिवता काढा आणि २०० मायक्रोलिटरच्या चार-पाच ट्यूबांत वाटा. एकच मोठी ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवली की नमुन्याचा भरवसा जातो. लांबच्या साठवणीसाठी उणे ८० अंश.

गुलाबी-लाल सिरम बाद करा. मात्र विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे, आणि अशा रुग्णाच्या शरीरातच पेशी फुटत असतात. तेव्हा सिकलसेलची स्थिती फॉर्मवर असलीच पाहिजे, नाहीतर खराब हाताने घेतलेला नमुना आणि आजारामुळे लालसर दिसणारा नमुना एकाच ढिगात जातील.

एका बाईचे तीन नमुने घ्यायचे असतील तर ११ ते १३ आठवडे, २४ ते २८ आठवडे आणि प्रसूतीनंतर ४८ तास असे घ्या. शेवटचा अनेकजण गाळतात. आमच्या मते तोच सर्वांत बोलका, कारण वारेचा वाटा किती होता याचा अंदाज त्या उतारावरूनच येतो.

मे महिन्यातलं काम

नागपुरात मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो आणि नवतपात रात्रही गरम असते. किटच्या माहितीपत्रकातलं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे २० ते २५ अंश. तुमच्या खोलीत दुपारी ३६ असेल तर ते रूम टेंपरेचर नव्हे. चाळिशीच्या उकाड्यात गोठत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी गळू लागतात, आणि टीएमबी या रंग देणाऱ्या सब्स्ट्रेटचा निळा रंग इतक्या वेगाने चढतो की पंधरा मिनिटांत वरचे स्टँडर्ड (ठाऊक मात्रेचे, तुलनेसाठीचे नमुने) रंग मोजणाऱ्या रीडरच्या मर्यादेबाहेर जातात.

कूलरने काम भागत नाही. कूलर हवा दमट करतो, आणि थंड पाकीट अशा खोलीत उघडलं की प्लेटच्या पट्ट्यांवर दव साचतं. एसी नसलेल्या कोरड्या खोलीत उलटी अडचण होते: कडेच्या विहिरींतलं (प्लेटमधल्या खळग्यांतलं) पाणी उडतं आणि त्यांचे आकडे मधल्या विहिरींपेक्षा वेगळे येतात. उपाय सोपे आहेत. एसी तासभर आधी लावून भिंतीवरच्या थर्मामीटरवर २२ ते २५ दिसेपर्यंत थांबा. पाकीट बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. प्रत्येक इन्क्युबेशनला प्लेटवर सीलर लावा. शक्य असेल तर सगळ्या प्लेटा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावायच्या हे वेळापत्रकातच टाका, नमुने वर्षभर गोळा झाले तरी हरकत नाही.

वॉर्डातून प्रयोगशाळेपर्यंत नमुना जेल पॅकच्या डब्यातून न्या, पण व्हायल थेट बर्फाला टेकू देऊ नका. स्कूटरच्या डिकीत उन्हात राहिलेली व्हायल बाद धरा. फ्रीझरला स्टॅबिलायझर आणि जनरेटरची लाइन आहे का हे आधी बघून घ्या, रोज सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहा आणि निम्म्या ट्यूबा दुसऱ्या फ्रीझरमध्ये ठेवा.

नाळ आणि वार

नाळेतल्या रक्तातलं लेप्टिन मुख्यतः बाळाच्या स्वतःच्या चरबीचं माप आहे. म्हणून ते जन्मवजनाबरोबर वाढतं आणि मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं. आपल्याकडे याला विशेष अर्थ आहे. पुण्याच्या अभ्यासांनी दाखवलं की आपली बाळं वजनाला हलकी असूनही अंगावरची चरबी राखून असतात. तेव्हा नुसतं वजन न घेता पाठीवरच्या आणि दंडाच्या त्वचेच्या घडीची जाडी कॅलिपरने मोजा, तीनदा मोजून सरासरी घ्या. मोजणारा हात शेवटपर्यंत एकच असू द्या.

नाळ कापल्यावर बाहेरून पुसून घ्या आणि नाळेच्या शिरेतून सुईने रक्त काढा. नाळ पिळून रक्त काढलं तर त्यात जेली आणि आईचं रक्त मिसळतं. नाळेला उशिरा चिमटा लावण्याची पद्धत बाळाच्या भल्याची आहे, नमुन्यासाठी ती मोडू नका. दोन-तीन मिली मिळालं तरी पुरतं.

वारेचा तुकडा घेताना घाई हवी. ऑक्सिजन कमी पडला की वारेतलं लेप्टिनचं जनुक जोरात चालू होतं, आणि प्रीएक्लॅम्प्सियात ते वाढलेलं दिसण्यामागचं हे एक मोठं कारण मानलं जातं. वार तासभर ट्रेमध्ये पडून राहिली तर तुम्ही आजार मोजताय की ट्रेमधला वेळ, हे उरत नाही. अर्ध्या तासाच्या आत काम उरका आणि मिनिटं लिहा. प्रसूतीच्या कळांचाही परिणाम होतो, म्हणून कळांविना झालेलं सिझेरियन आणि नैसर्गिक प्रसूती एकाच गटात घालू नका.

नाळ जिथे जोडलेली आहे तिथून कडेपर्यंतच्या अंतराच्या मध्यावर, चारही बाजूंनी एकेक तुकडा घ्या. पांढरट घट्ट भाग आणि खडे टाळा. आईकडचा दोन-तीन मिलिमीटरचा थर आणि बाळाकडचं गुळगुळीत आवरण कात्रीने काढून मधला झुपकेदार भाग ठेवा. रक्त जाईपर्यंत थंड सलाइनमध्ये धुवा. आरएनएसाठी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ काप स्थिरक द्रावणात पाचपट ते दहापट आकारमानात बुडवा, रात्रभर ४ अंशांवर ठेवा, मग उणे ८०. स्लाइडसाठी १० टक्के बफर्ड फॉर्मालिन, २४ ते ४८ तास. त्याहून जास्त राहिलं तर अँटिबॉडीची पकड सुटते.

प्लेट लावताना

एका प्लेटवर ९६ विहिरी. शून्यासह सात स्टँडर्ड आणि दोन कंट्रोल, सगळे दुहेरी लावले की १८ गेल्या. उरलेल्या ७८ मध्ये ३९ नमुने दुहेरी बसतात, म्हणजे प्रत्येकी तीन नमुन्यांच्या १३ बाया. एका बाईचे तिन्ही नमुने एकाच प्लेटवर आले पाहिजेत, आणि आजारी व तुलनेच्या बाया प्रत्येक प्लेटवर मिसळून असल्या पाहिजेत. सगळ्या आजारी बाया पहिल्या प्लेटवर आणि सगळ्या तुलनेच्या बाया दुसऱ्यावर, अशी मांडणी म्हणजे कामावर पाणी.

गर्भवतीचं लेप्टिन बऱ्याचदा वरच्या स्टँडर्डच्या पलीकडे जातं. आकडा रेषा ताणून काढू नका. किटमधल्याच डायल्युएंटने (पातळ करायच्या द्रावणाने) १:५ करून पुन्हा लावा. त्याआधी एक चाचणी जरूर करा: एका गर्भवतीचं सिरम १:२, १:४, १:८ करा, आणि त्याच सिरमच्या दुसऱ्या भागात ठाऊक मात्रेचं लेप्टिन घाला. पातळ केलेल्या नमुन्यांवरून काढलेली मूळ पातळी प्रत्येक वेळी जवळपास सारखी यावी आणि घातलेल्यापैकी ८० ते १२० टक्के परत दिसावं. कमी दिसलं तर सिरममधलं काहीतरी लेप्टिन झाकतं आहे, आणि गर्भारपणात पहिला संशय सुट्या रिसेप्टरवर घ्यायचा. दुहेरी विहिरींतला फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर तो नमुना पुन्हा. वक्र चार-पॅरामीटर पद्धतीचा वापरा, सरळ रेषा बसवू नका.

रिसेप्टरशिवाय आकडा अपुरा

लेप्टिनच्या रिसेप्टरचे अनेक प्रकार आहेत. लांब प्रकार, ओबी-आरबी, हाच पेशीतल्या जॅक-स्टॅट या मार्गाने पूर्ण संदेश देतो. आखूड प्रकारांची शेपटी छोटी असते. सुटा प्रकार पेशीत न राहता रक्तात फिरतो. माऊसमध्ये तो स्वतंत्र आरएनएपासून बनतो, माणसात मुख्यतः पेशीवरच्या रिसेप्टरचा बाहेरचा भाग एन्झाइमने कापला जाऊन सुटतो. याचा व्यवहारी अर्थ असा, की माणसाच्या वारेत सुट्या प्रकाराचं आरएनए शोधत बसण्यात अर्थ नाही. तो रक्तात, स्वतंत्र किटने मोजा.

दोन्ही मोजले की मोकळ्या लेप्टिनचा निर्देशांक निघतो: लेप्टिन भागिले सुटा रिसेप्टर, गुणिले १००. समजा लेप्टिन ३० नॅनोग्रॅम प्रति मिली आणि रिसेप्टर २५, तर निर्देशांक १२०. हा प्रत्यक्ष मोकळ्या लेप्टिनचा आकडा नव्हे, कारण दोन्ही रेणूंची वजनं वेगळी आहेत. त्याचा उपयोग आपल्याच गटांची आपसात तुलना करण्यापुरता. स्थूल व्यक्तींत सुटा रिसेप्टर कमी असतो, म्हणून दोन बायांचं एकूण लेप्टिन सारखं असलं तरी मोकळं लेप्टिन वेगळं असू शकतं.

वारेत रिसेप्टर बघायचा असेल तर क्यूपीसीआरसाठी (आरएनए मोजण्याच्या पद्धतीसाठी) प्राइमरच्या दोन जोड्या घ्या: एक सगळ्या प्रकारांत समान असलेल्या बाहेरच्या भागावर, दुसरी फक्त लांब प्रकाराच्या शेपटीवर. एकट्या जीएपीडीएच या संदर्भ-जनुकावर तुलना करू नका, ऑक्सिजन कमी पडला की ते स्वतःच बदलतं. वायडब्ल्यूएचएझेड, एसडीएचए आणि टीबीपी यांपैकी किमान दोन घ्या. अँटिबॉडीच्या बाबतीत फार सावध राहा, रिसेप्टरच्या अनेक अँटिबॉड्या नको तिथेही चिकटतात. बाहेरच्या भागावरची अँटिबॉडी लांब आणि आखूड प्रकार वेगळे करू शकत नाही, त्यामुळे अशा स्लाइडवरून ‘वारेत ओबी-आरबी दिसला’ असं लिहिलं तर ते चूक ठरेल. डीबी माऊसचा (रिसेप्टरच्या जनुकात बिघाड असलेल्या माऊसचा) ऊतक निगेटिव्ह कंट्रोल म्हणून वापरतानाही लक्षात असू द्या, की त्यात फक्त लांब प्रकार नसतो, आखूड प्रकार असतात.

आकडे मांडताना

लेप्टिनचं वितरण एका बाजूला लांब शेपटीचं असतं, म्हणून आधी लॉगरिदम घ्या किंवा मध्यक आणि चतुर्थक द्या. केस (आजारी) आणि कंट्रोल (तुलनेच्या) बायांची जुळणी गर्भाच्या आठवड्यांवर आणि पहिल्या तिमाहीतल्या बीएमआयवर करा. ३३ आठवड्यांच्या प्रीएक्लॅम्प्सियाची तुलना ३९ आठवड्यांच्या निरोगी बाईशी केली तर फरकात आठवड्यांचाच वाटा मोठा असेल. गर्भारपणात प्लाझ्माचं आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं हे चर्चेत लिहा, कारण रक्त पातळ होत असतानाही लेप्टिन चढतं, म्हणजे खरं उत्पादन आकड्यावरून दिसतं त्याहून जास्त असतं. जुन्या पेपरांत एकक पिकोमोल असेल तर १ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे साधारण ६२.५ पिकोमोल प्रति लिटर.

म्हशीवर काम करणाऱ्यांसाठी

नागपुरी म्हशीचा गाभणकाळ दहा महिन्यांच्या आसपास, आणि तिची वार माणसासारखी आईच्या रक्तात थेट बुडालेली नसते. माणसातला चढ-उतार तिच्यात गृहीत धरू नका. गाईंवरच्या कामातून दिसतं की विण्याच्या सुमारास लेप्टिन घसरतं, कारण दूध सुरू होताना खाण्यातून मिळणारी ऊर्जा पुरत नाही आणि अंगावरची चरबी खर्ची पडते. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत शरीरस्थितीचा गुण १ ते ५ मध्ये लिहा, रक्त सकाळचा चारा टाकण्याआधी मानेच्या शिरेतून १० मिली घ्या, आणि हिरवा चारा होता की नुसता कडबा हेही नोंदवा. उन्हाळ्यात हा फरक मोठा असतो.

माणसाचं किट म्हशीला चालेल असं धरून चालू नका. माणसाच्या लेप्टिनसाठी बनवलेली अँटिबॉडी म्हशीचं लेप्टिन ओळखेलच असं नाही, आणि रंग आला म्हणजे ओळखलं असंही नाही. गोवंशासाठीचं किट घेतलंत तरी आधी म्हशीचं सिरम १:२ पासून १:१६ पर्यंत पातळ करून स्टँडर्डच्या वक्राशेजारी मांडा. दोन्ही वक्र समांतर उतरले तर पुढे जा. समांतर नसतील तर दुसरं किट मागवा, आणि तोवर उरलेलं सिरम उणे ८० वर तसंच राहू द्या.